रेघेपर्यंत

बांबोळीच्या इस्पितळातल्या कागदावर लिहिलं होतं:
सगुण शाबा च्यारी, वय एकसष्ट,
झोपेत तासाला एक्केचाळीस वेळा श्वास थांबतो.
मला विचारलं असतं
तर वायरी न लावताच सांगितलं असतं.
एकोणतीस वर्षं मीच मोजत होते,
बारा, तेरा, चौदा,
आणि विसाला कोपर.
मग नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोट सुरू व्हावी
तसं ह्यांच्या छातीत काहीतरी धडधडायचं
आणि हे पुन्हा दिवाडीच्या दिशेनं निघायचे.

आता उशाशी यंत्र आहे. पावाच्या डब्याएवढं.
नळी, मुखवटा,
आणि पोटात पाणी तापवणारी टाकी.
मेल्विननं समजावलं, जोराची हवा नाक सुकवते, बाय,
म्हणून ती उबदार ओलीतून सोडायची.
मी त्याच्याकडे बघतच राहिले.
नार्व्यात?
जिथं बरणीतलं मीठ जुलैत आपणहून पाणी होतं,
कपाटातल्या शालूवर बुरशी नक्षी काढते,
आगपेटीला आधी ऊन दाखवावं लागतं,
तिथं विकतचं पाणी आणून
हवा भिजवायची?

म्हणून पहिला आठवडा टाकी कोरडी ठेवली.
हट्ट माझाच.
पाचव्या पहाटे ह्यांच्या उशीवर
दोन ठिपके, कोकमाच्या आगळाएवढे गडद.
हे काही बोलले नाहीत,
अभ्रा उलटा करून ठेवला फक्त.
मी डिचोलीला जाऊन डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणला.
औषधवाल्यानं विचारलं, इन्व्हर्टराक?
न्हय रे, म्हटलं, घोवाक.

मग डिसेंबर आला,
नदीवरून गारवा खिडकीत बसायला लागला.
एका रात्री तीनच्या सुमाराला नळीत गुळगुळ,
ओहोटीत बोटीच्या तळाशी पाणी बोलतं तशी.
एक थंड थेंब घरंगळत थेट ह्यांच्या नाकात,
आणि हे मुखवट्यासकट उठून बसले:
बोटींत उदक भरलां!
निवृत्त होऊन तीन वर्षं झालीत.
मी इतकी हसले की शेजारच्या कुत्र्यानं साद दिली.

सकाळी गरमीचा आकडा पाचावरून तिनावर आणला.
नळीला कपडा हवा होता.
ट्रंकेत खात्याची खाकी पँट होती,
तिचा डावा पाय कापला,
अरुंद केला, दुहेरी शिवला,
इंजिनाच्या तेलाचा डाग होता तिथं तो राहू दिला.
नळी त्यात शिरली, जणू तिचंच माप घेतलं होतं.

टाकी रोज धुवायची, कठड्यावर पालथी घालायची.
सुकत घातलेल्या बांगड्यांपासून लांब.
एकदा विसरले
तर रात्रभर हे बाजार हुंगत होते.

ह्यांचं बरं चाललंय. दुपारी पेपर वाचताना मान पडत नाही,
पोदेराचा भोंपू वाजायच्या आधी अंगणात असतात.
मुलीला फोनवर सांगतात, पहिल्यांदा समजलं, रात्र किती मोठी असते.
ती किती मोठी असते ते मला विचार, असं मी म्हणत नाही.

कारण जागी मी आहे.
मोजायला काही उरलं नाही तरी मोजते,
सात, आठ,
आणि अंधारात तळवा मुखवट्याजवळ नेते.
त्या बारक्या भोकांतून ओली ऊब येते,
पेजेवरचं झाकण जरा सरकवल्यासारखी.
हात ओळखतात हे. मडक्यातून बोलावं तसं म्हणतात,
हांव जिवो आसां गो. न्हिद आतां.

टाकीवर एक रेघ आहे.
पाणी तिच्यावर जाऊ द्यायचं नाही.
निजायच्या आधी ती दिव्यासमोर डोळ्यांच्या पातळीला धरते,
हे शेजारून वाकून बघतात,
गाड्या चढल्यावर बोट किती बुडाली ते बघायचे तसे,
आणि मान हलवतात: सोड.

काल विसाच्या आधीच मला झोप लागली.
कितीवर, ते आठवत नाही.